बू रिनीचा अंगठा

सोलो शहरात माणूस कुठल्या घरातला आहे हे तो वाट कशी दाखवतो यावरून ठरतं. बोट रोखून दाखवली तर गावंढळ. चार बोटं मुडपून, उजवा अंगठा पुढे करून, जरासं वाकून दाखवली तर चांगल्या वळणाचा. साप्तारिनीला, म्हणजे रिनीला, मार्सुदींच्या बसकंपनीत नोकरी लागली ती या अंगठ्यामुळे. मुलाखतीला आली तेव्हा तिने एका म्हाताऱ्या प्रवाशाला अंगठ्याने बाक दाखवला, आणि मालकीणबाईंनी, म्हणजे बू मार्सुदींनी, ते पाहिलं. मोठ्या बाईला तिथे मानाने बू म्हणतात, मोठ्या पुरुषाला पाक आणि तरुणाला मास.

"हिला तिकिटाच्या खिडकीवर बसवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हिच्या हाताला वळण आहे."

तिथली खुर्ची मग रिनीची झाली. तिच्यावरच तिचं लग्न ठरलं, तिच्यावरच वैधव्य आलं, केस पिकले. मधे कधीतरी कॉम्प्युटर आले, तेही तिने शिकून घेतले. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक बटण, सगळं तिथून सुरू आणि तिथेच बंद. आणि माउस तर तिला फारच आवडला. बाण कुणाच्याही नावावर न्यावा, आपलं बोट तळहाताखाली झाकलेलं. इतकं सभ्य यंत्र तिने पाहिलं नव्हतं.

मोठे मार्सुदी वारले आणि धंदा मुलाच्या, दानांगच्या हाती आला. पोरगा वाईट नव्हता, पण नव्याचा सोस भारी. त्याने नवे कॉम्प्युटर आणले, माउस काढून कपाटात टाकले. पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, आपापले हलणारे, चित्रं बदलणारे. जो हवा त्याला नुसता हात लावायचा. डाव्या कोपऱ्यातलं बटण गायब.

ऑफिसात मग दोन तट पडले. हिशेबनीस पाक तार्मो तर पहिल्याच दिवशी पिसाळले. "चालू झालंय ते बंद कुठून करायचं, एवढं तरी सांगा कुणी," म्हणत दुपारभर पडद्याशी झटले आणि शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून घरी गेले. पुढेही ते तसंच करत राहिले. तिकिटं छापणारी फेब्री मात्र खूश होती. "माझ्या फोनसारखंच आहे की! तुम्ही लोक उगाच घाबरता." ड्रायव्हरांना चौकोन आवडले, कारण एका चौकोनात गाणी होती. प्रवाशांची पोरं तेलकट हातांनी पडदा सरकवून जायची.

रिनीने अंगठा लावला. दुसरं तिला सुचणारच कसं? त्या चौकोनांत माणसांची चित्रं यायची, दानांगची, त्याच्या बायकोची, कुणाकुणाची, आणि माणसाच्या तोंडावर का कुणी बोट रोखतं? पण अंगठा पडला जाड. तिकिटाचा चौकोन दाबावा तर शेजारचा हवामानाचा उघडायचा. समोर सुराबायाला जाणारे ताटकळत उभे, आणि पडद्यावर सुराबायात पाऊस.

बुकिंगवाल्या योयोकने ते फोनवर टिपलं आणि सगळ्या डेपोंत पाठवलं. खसखस पिकली. "बू अंगठा" हे नाव तिथूनच पडलं. सेमारांगचा मॅनेजर तिकिटाच्या कामासाठी फोन करायचा आणि आधी विचारायचा, "बू अंगठा आहेत का? नाही, पावसाचं विचारायचं होतं." रिनी शांतपणे "हो, बोला" म्हणायची. तिचं ते शांत राहणंच त्यांना पुरून उरायला हवं होतं, पण शांत माणसाला छळायला लोकांना अधिकच हुरूप येतो. इथेही आला.

दानांगने तिला आत बोलावलं.

"बू रिनी, रागावू नका, पण हे यंत्र बोटाचं आहे. तर्जनी लावा. इतकंच."

"मास दानांग, तोंडावर?"

"तोंड कुठलं आलंय, काच आहे ती." त्याने घड्याळ पाहिलं. "शुक्रवारी आपण नव्या खिडकीचं स्लामतान करतोय, दुआ आणि जेवण. आई येणार आहे. पहिलं तिकीट तुम्ही काढायचं, तुमचा मान आहे तो. पण लोकांसमोर चुकलात तर खिडकीवर फेब्री बसेल. मग मला बोल लावू नका."

मान म्हणे. मानाच्या नावाखाली परीक्षा घेण्यात या घराण्याचा हात धरणारा कुणी नाही.

घरी आल्यावर रिनीने भिंतीवरची नवऱ्याची तसबीर उतरवून टेबलावर ठेवली. पाक सुगेंग, साखर कारखान्यातला भला माणूस, काचेमागून नेहमीसारखा हसत होता. बशीवर आणि टेबलावर तिने सराव करून पाहिला होता. तिथे बोट थरथरत नव्हतं. थरथरायचं ते चेहरा दिसला की. तेव्हा चेहऱ्यावरच सवय करायला हवी होती. तिने तर्जनी उचलली आणि नवऱ्याच्या कपाळावर टेकवली.

"माफ करा हं," ती म्हणाली.

मग गालावर, मग डोळ्यावर. दर वेळी माफी. शुक्रवार जवळ आला तशी माफी मागायची राहून जाऊ लागली, आणि गुरुवारी संध्याकाळी बोट अगदी सरळ, न थरथरता, नवऱ्याच्या नाकावर जाऊन पडलं. तिने तसबीर पुसून पुन्हा भिंतीवर लावली. त्या रात्री तिला स्वतःचा अभिमान वाटला, हे सांगायलाच हवं.

शुक्रवारी पिवळ्या भाताची उंच रास मांडली होती, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. दुआ झाली. बू मार्सुदी पुढच्या खुर्चीत, डेपोडेपोंचे मॅनेजर मागे उभे, योयोकचा फोन तयार. रिनी खिडकीवर बसली आणि पडदा उजळला.

दानांगने आईसाठी म्हणून सकाळीच एक गंमत करून ठेवली होती. तिकिटाचा चौकोन चांगला मोठा केला होता, पडद्याच्या मधोमध, आणि त्यात वडिलांचा फोटो लावला होता. मोठे मार्सुदी, टोपी घातलेले. पहिलं तिकीट त्यांच्या आशीर्वादाने निघावं, एवढीच त्याची हौस. चौकोन इतका मोठा की जाड अंगठासुद्धा बिनचूक बसला असता.

पण रिनीला अंगठा आठवलाच नाही. चेहरा दिसला आणि बोट गेलं, शिकवलं होतं तसं, सरळ, न थरथरता. ज्या माणसाने तिला नोकरी दिली त्याच्या नाकावर जाऊन पडलं. तिकीट लगेच छापून निघालं.

दानांगने टाळी वाजवली. एकट्यानेच.

"रिनी," बू मार्सुदी म्हणाल्या, "त्यांच्या तोंडावर?"

"बू, यंत्र... मला सांगितलं होतं की..."

"फेब्रीने केलं असतं तर मी काही बोलले नसते. तिला कुणी शिकवलंच नाही. तुझा तर हात पाहूनच मी तुला घेतलं होतं."

रिनीने दानांगकडे पाहिलं. दानांग भाताच्या राशीकडे पाहत होता. हाच तो, काच आहे म्हणणारा. अशा वेळी या लोकांना भात बरा दिसतो.

बू मार्सुदी उठल्या. चार बोटं मुडपून, उजवा अंगठा पुढे करून, जरासं वाकून त्यांनी रिनीला मागच्या चहाच्या खोलीची वाट दाखवली. अगदी रीतीने. उणं काढायला जागा नव्हती. रिनी उठली आणि गेली, आणि फेब्रीने बसता बसता त्याच चेहऱ्यावर बोट ठेवून दुसरं तिकीट काढलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षी ते बटण परत आलं. जगभर लोकांनी बोंब मारली होती म्हणे, म्हणून यंत्र करणाऱ्यांनीच ते पुन्हा डाव्या कोपऱ्यात बसवलं. कपाटातले माउस निघाले. पाक तार्मोंनी त्या दिवशी कॉम्प्युटर रीतसर बंद केला आणि सगळ्यांना केळ्याची भजी खाऊ घातली. दानांगला थोडी लाज असावी. रिनीला खिडकीवर परत आणू या का, असं त्याने आईला विचारलं.

"नको," बू मार्सुदी म्हणाल्या. "हल्ली तिचा हात पाहिलास का? गिऱ्हाइकासमोर बसवण्यासारखा राहिला नाही."

तेवढं मात्र खोटं नव्हतं. रिनी चहाचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा योयोक नव्या बटणावर बाण नेऊन सगळ्यांना दाखवत होता. "बघा बू अंगठा, तुमचं बटण आलं," तो म्हणाला. तिने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि तबक ठेवलं.

"यातला बिनसाखरेचा कुठला?" फेब्रीने विचारलं.

"तो," रिनी म्हणाली, आणि तर्जनी रोखून दाखवला.