साडूंचं कुलूप

माझ्या साडूंइतका संशयी माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून झाला नसेल, आणि त्यांच्याइतका राग मला आजवर कुणाचाही आलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव मार्गासनी, नोकरी भोरच्या एका कचेरीत, आणि निवृत्तीनंतर एकच व्रत: कॉम्प्युटरवरच्या फायली लपवणे. लपवण्यासारखं काय होतं, तर जत्रेचे फोटो आणि लग्नपत्रिकांचे मजकूर. पण सगळं एन्क्रिप्टेड! मी एकदा म्हटलं, कॉम्प्युटर उघडायलाच पासवर्ड आहे की, आत आणखी कशाला? तर माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "साडू, ती नुसती दाराची कडी. चोरानं आतली डिस्कच काढून न्हेली तर? म्या अक्षर न् अक्षर कालवून ठिवलंय. वाच म्हणावं आता!" त्या घरात चोर काय, मांजरसुद्धा यायला कंटाळायचं. पासवर्ड टाकायची वेळ आली की हे आम्हा सगळ्यांना अंगणात काढत. एकदा तर मला जेवणाच्या ताटावरून उठवलं, तेही मटणाच्या.

पण खरा संताप पुढचा. माझ्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणत. साडूंनी वेल्ह्याला जाऊन त्या मोबाईलवर भरून घेतल्या, कॉम्प्युटरवर चढवल्या आणि मोबाईलमधून लगेच पुसल्या. का, तर मोबाईल चोरीला जातो! पुढं सासूबाई गेल्या. माझी बायको म्हणाली, दाजी, आईचा आवाज तेवढा द्या. "देतो की, लई सुरक्षित हाय," म्हणाले, आणि द्यायच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, अक्षरओळखही गेली. समोर कीबोर्ड ठेवला तर नुसते बघत राहत. आता काय करायचं या माणसाचं? पासवर्ड विचारला की बोट अक्काकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे. "चा पायजे व्हय?" म्हणून ती बिचारी उठायची, आणि चहा आला की हे कपाळावर हात मारून घ्यायचे. आम्ही अक्काचं कपाट उपसलं, तांदळाचे डबे पालथे घातले. माझी बायको रडायची आणि माझं डोकं फिरायचं. आईच्या आवाजाला कसला आलाय चोर!

मग त्यांच्या नातीचं बारसं झालं. बायकांनी अक्काला नाव घ्यायचा आग्रह केला. ती लाजत लग्नातलाच उखाणा म्हणाली, "तोरण्याच्या कुशीत पिकतो आंबेमोहर, दत्तात्रयरावांचं नाव घेते, हेच माझं घर." आणि साडू खुर्चीवर थापा मारायला लागले. बोट अक्काकडे, मग कॉम्प्युटरकडे. मी धावत जाऊन उखाणा जसाच्या तसा टाइप केला. उघडलं! मी भडकलोच. "अहो, सगळ्या वऱ्हाडानं ऐकलेला उखाणा हा काय पासवर्ड झाला?" पण खरं सांगायचं तर तो अक्कानंतर एकट्या त्यांच्याच लक्षात राहिला होता.

ओवी लावली. बायको माझा हात धरून बसली. जात्याची घरघर आली आणि मग आवाज, पण सासूबाईंचा नव्हे. "आई, म्हना आता. लाजू नगा, हितं आपलीच मान्सं हायती." साडूंचा आवाज. खणखणीत, आगाऊ, झटक्याआधीचा. तो ऐकून साडूंनी मान खाली घातली.

"आधीचं तेवढं परत लावा," अक्का म्हणाली.

मी परत लावलं. माझ्या बायकोनंही घाई केली नाही. त्या दिवशी ओवीपर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला.