खाप्याचा चौकोन

हे अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. सुनंदाच्याही नाही. सुनंदा माझी बायको, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. साखर वाढलेली असताना गांधीबागेत उभ्यानं खाल्लेल्या जिलब्याही मी तिला सांगून टाकल्या. पण हे मात्र राहिलं. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

मी सरकारी नोकर. नागपुरातच नोकरी, नागपुरातच घर. काही वर्षांपूर्वी केंद्राचा एक कार्यक्रम आमच्या खात्यात आला, एंटरप्राइज आर्किटेक्चर. नाव ऐकून आम्हाला वाटलं, नवी इमारत बांधायची आहे. काम तसं साधं होतं. देशातलं कुठलं कार्यालय काय करतं, कुठला अर्ज कुठून कुठे जातो, कुठली माहिती कोण ठेवतं, या सगळ्याचा मिळून एक नकाशा काढायचा. आधी ‘आहे तसा’, मग ‘हवा तसा’. दिल्लीहून साचा आला होता: कामाला चौकोन, चौकोनातून चौकोनात बाण. आमच्या भागाचा नकाशा माझ्याकडे दिला.

आणि मी त्यात हरवलो — खरंच हरवलो. रामदासपेठेतल्या आमच्या कार्यालयाच्या थंड खोलीत दुपारी पडदे ओढलेले असायचे, भिंतभर नकाशा, आणि मी समोर खुर्ची टाकून बसलेला. डोळे मिटले तरी बाण चालतच राहायचे. सिग्नलला थांबलो की समोरच्या चौकातूनही बाण निघताना दिसायचे. इतकी वर्षं कागद पुढे सरकवले, पण ते कुठे जातात हे मला कधी दिसलंच नव्हतं. आता दिसत होतं. माणूस असा सुखात असला की त्याला कुणी मध्ये आलेलं चालत नाही, हो ना?

नकाशाच्या कामानं खाप्याला गेलो होतो तो दिवस आठवतो. कन्हान नदीवर ऊन पसरलेलं, गाव निम्मं झोपेत. आमच्या खात्याचं तिथं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. निराधार बायकांच्या मदतीचे अर्ज तिथं येतात. निर्मलाताई तिथल्या कारकून, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली. त्यांनी चहा दिला आणि लाल कापडात बांधलेली एक वही पुढे ठेवली.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर जातंच, पण पाळण्यातलं नावही जातं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरीच, आणि दोघी एकच. ती जोडणी कुठल्याही यंत्रणेत नव्हती. ती निर्मलाताईंच्या वहीत होती — गावोगावच्या बायकांना विचारून, वीस वर्षं हातानं लिहिलेली.

“बाईले दोन नावं असतेत साहेब,” त्या म्हणाल्या. “कागदाले एकच समजते. म्हणून मधात मी बसून आहो.” मग हसून म्हणाल्या, “मले बी त्या नकाशात बसवजा जी.”

मी हो म्हणालो. मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. माझ्याच लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी ‘सुनंदा’ लिहिलं होतं. माहेरी ती कुसुम. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती ताटाकडे बघत होती.

खाप्याचा चौकोन मी काढला. पण साच्याचा नियम होता, प्रत्येक चौकोनात यंत्रणेचं नाव हवं. वहीला कुठलं नाव देणार? शिवाय तिथून निघणारे बाण पुन्हा गावात विचारायला मागे वळत होते. सगळा नकाशा नियमात बसून हिरवा आणि न बसणारा तेवढा एकच चौकोन लाल. दोन दिवसांनी दिल्लीची मंडळी तपासणीला येणार होती. मी तो पुसला. दोन बाण सरळ जोडून दिले. फार देखणा दिसला नकाशा. पाहुण्यांनी पाठ थोपटली आणि मला ती थोपटलेली आवडली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, कुणाची होत नाही? थांबा. अजून मी तिथवर आलेलोच नाही.

नवी यंत्रणा सुरू झाली. नकाशात नसलेली वही बिनकामाची ठरली, दफ्तरखान्यात गेली. अर्ज परत यायला लागले: ‘नोंद आढळत नाही’. चुली थंडावल्या. बायका खाप्याच्या खिडकीशी येऊन बसू लागल्या. निर्मलाताईंनी नागपूरला पत्रं लिहिली. ती माझ्याच टेबलावर आली, आणि मी ती फाईलला लावत गेलो — मूग गिळून.

मग तक्रारी वरपर्यंत गेल्या, वहीचा विषय निघाला, आणि वरच्या साहेबांनी बैठक घेतली. सगळी कार्यालयं संगणकाच्या पडद्यावर, प्रत्येकाला एक छोटी चौकट. बैठक चालवायला मी बसलो होतो. कुणाचा आवाज सुरू, कुणाचा बंद, हे माझ्या हातात होतं. साहेबांनी विचारलं, “खाप्याची ही वही नकाशात काहून नाही?”

“मागितली होती सर,” मी म्हणालो. “त्यांनी दाखवलीच नाही.”

पडद्यावर निर्मलाताई होत्या. त्यांच्या चौकटीवर हात वर केल्याची खूण आली. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, कारण मी तो सुरू केला नव्हता. एक बटण. बोट त्याच्यापासून वीतभरही दूर नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, काचेपलीकडचं बघावं तसा, आणि म्हणालो, “पुढचा विषय घेऊ या सर.”

हे मी केलं.

त्यांना माहिती दडवल्याची नोटीस आली. शेवटच्या वर्षात घरापासून लांब बदली झाली, आणि त्या तिथूनच निवृत्त झाल्या. नोटीस निघालेल्या बाईचा निरोप समारंभ कोण करणार? वही पुढे दफ्तरखान्यातून बाहेर आली, यंत्रणेत भरली गेली, चौकोन परत बसला. तो मीच बसवला. त्याबद्दलही माझं कौतुक झालं.

मागच्या महिन्यात सुनंदाबरोबर गांधीबागेत गेलो होतो. कापडाच्या दुकानात गादीच्या कडेला निर्मलाताई बसल्या होत्या, नातीसाठी कापड बघत. मी मागे फिरणार होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

“काय म्हणता साहेब? बसवलं का मले नकाशात?”

“हो,” मी म्हणालो.

“बरं झालं जी. त्या दिवशी मी किती सांगून राहिली होती, तुम्ही विसरले म्हणून. तुमच्यामागं काय कमी कामं असतेत? पण माहा आवाजच पोचला नाही. मशीन खराब होती वाट्टे.”

सुनंदा शेजारीच उभी होती.

“हो ताई,” मी म्हणालो. “मशीनच खराब होती.”

मशीन चांगली होती.