उद्धवरावांचा पक्का तंबू

उद्धवराव भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं, ढिला निघाला तर लाल डब्यात टाकायचा. ते निवृत्त झाले, पण लाल डबा डोक्यातून गेला नाही. माझ्या शर्टाचं एक ढिलं बटण त्यांनी ओढून तोडलं आणि माझ्याच हातात ठेवलं.

"रिजेक्ट."

मी त्यांच्या घरी जेवतो. त्यांच्या पत्नी, यशोदाबाई, खानावळ चालवतात. आम्ही बावीस जण आहोत. मी मराठीत एम.ए. केलंय म्हणून उद्धवराव मला कवी म्हणतात. मी कविता करत नाही. सांगून उपयोग झाला नाही.

डिसेंबरात यशोदाबाईंनी जाहीर केलं, "दुसऱ्या शनिवारी खानावळ बंद."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. आमचे घास हातातच राहिले.

"का हो, काकू?"

"यांना विचार. एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीच्या भंगारातून तंबू आणला. म्हणाले, तुला धरणावर मुक्कामाला नेतो. तेव्हापासून तो माळ्यावर आणि मी ओट्यापाशी." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "एकच शनिवार आहे. तंबू पडला किंवा गळला, तर मी वाकडला बहिणीकडे जाणार. आणि त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवणार."

तंबू खाली काढला. जाड खाकी कॅनव्हास, लोखंडी पाइपांचा सांगाडा. एका कोपऱ्यात उंदरांनी संसार थाटला होता. कापड थेरगावला मीरासाहेबांकडे नेलं. ते डांगे चौकाजवळ टेंपोंच्या ताडपत्र्या शिवतात. त्यांनी कापड उजेडात धरलं.

"उद्धवभाऊ, यात कापड कमी, आकाश जास्त आहे."

"आकाश बुजव. जेवायला बोलावतो तुला."

"भाभी खानावळ बंद ठेवतायत. जेवायचं कुठे, धरणात?"

त्यांनी अठ्ठावीस ठिगळं लावली आणि वरून मेण चोळलं.

सांगाड्याला मात्र उद्धवरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. पाइप ज्या सांध्यांत बसतात ते झिजून डुगडुगत होते. त्यांनी एक सांधा हलवून पाहिला आणि तोंड कडू केलं. मग ओळखीच्या लेथवर नवे सांधे करून घेतले. चौदाच्या चौदा, गेज लावून. गच्चीवर लाकडी हातोड्याने दोन तास ठोकून बसवले.

"लोंबकळ, कवी."

मी लोंबकळलो. सांगाडा हलला नाही. मीच हललो.

शुक्रवारी संध्याकाळी तपासणी झाली. तपासनीस यशोदाबाई. त्यांनी तंबूच्या मधोमध ताटलीत भाजलेला पापड ठेवला.

"पापड नरम पडला तर रिजेक्ट."

मी स्टुलावर चढून बारा बादल्या पाणी ओतलं. उद्धवराव नखं खात होते. यशोदाबाईंनी पापड बाहेर आणला, कानाजवळ धरून मोडला. कट्ट. अर्धा त्यांनी नवऱ्याला दिला.

"पास."

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही तंबू सोडायला गच्चीवर गेलो. मीरासाहेबही मदतीला आले होते. कापड निघालं. पाइप निघेनात. ओढले, पिळले, खोबरेल तेल सोडलं. एकही सांधा सुटेना.

"काका," मी विचारलं, "हे परत काढायचे कसे, ते काय ठरवलं होतं?"

उद्धवरावांनी हातोडा खाली ठेवला. कारखान्यात भाग बसवायचा असतो. एकतीस वर्षांत त्यांनी पास केलेलं काही कुणी परत उपसलं नव्हतं. तंबू दर वेळी सोडायचा असतो, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"करवत आणू?" मीरासाहेबांनी विचारलं.

"पास झालेल्या मालाला करवत?"

यशोदाबाई जिना चढून वर आल्या. नवी साडी, हातात थर्मास. त्यांनी सांगाडा पाहिला. मग नवरा पाहिला.

"कवी, वाकडची बस किती वाजता आहे रे?"

मीरासाहेब फिसकन हसले. उद्धवरावांनी खिशातून टेप काढली आणि सांगाडा मोजला. नऊ फूट बाय सहा.

"मीरा, तो चौदा फुटी टेंपो ताडपत्रीसाठी तुझ्याच दारात उभा आहे ना?"

मला वाटलं, थट्टा चाललीय. मीरासाहेबांनी टेंपोच्या मालकाला फोन लावला. मालकाने विचारलं, लग्नाचं भाडं आहे का. मीरासाहेब म्हणाले, तसंच समज.

दोर लावून आम्ही सांगाडा गच्चीवरून खाली सोडला आणि टेंपोत उभा करून बांधला.

"उन्हात मी बसणार नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "कापड चढवा."

चढवलं. त्या आत खुर्ची टाकून बसल्या.

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं थांबलं. तासभर. टेंपोत खाकी तंबू, तंबूच्या दारात चहा पिणाऱ्या यशोदाबाई. शेजारी बाइकवर आमच्या खानावळीतला नागसेन, ओव्हरटाइमला निघालेला. त्याने हेल्मेटची काच वर केली.

"काकू? आज डबा?"

"सुट्टी," त्या म्हणाल्या आणि वाकून त्याला एक खारी दिली.

ड्रायव्हरशेजारून उद्धवराव ओरडले, "तंबू हलतोय का बघ गं!"

"अहो, गाडीच हलत नाही."

भामा आसखेड धरणाच्या काठी उद्धवरावांचे जुने दोस्त दौलतराव यांचं शेत आहे. ते बांधावर वाट बघत होते.

"लगीन कुणाचं हाय?"

"आमचंच," यशोदाबाई म्हणाल्या. "जुनंच आहे."

मीरासाहेब, दौलतराव, उद्धवराव आणि मी, अशा चौघांनी तंबू उचलून जमिनीवर ठेवला. अर्धं मिनिट लागलं. पलीकडे पुण्याची काही मुलं मोबाइलमध्ये बघून नवा तंबू उभारत होती. ती दोन तास तेच करत होती. उद्धवराव त्यांच्याकडे एक चक्कर मारून आले. त्यांची एक काठी हलवून पाहिली.

रविवारी निघायची वेळ झाली. टेंपो कालच परत गेला होता. उद्धवराव हातोडा घेऊन तंबूभोवती फिरत होते.

"राहू द्या," यशोदाबाई म्हणाल्या. "सुटतच नाही तर न्यायचा कसा? दर महिन्याला येऊन बघून जाऊ."

"व्हय," दौलतराव म्हणाले. "तवर माझ्या कोंबड्या ऱ्हातील."

"कोंबडी दिसली तर तिचा रस्सा होईल, भाऊजी."

आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची खानावळ बंद असते. आम्ही बावीस जण वडापाव खातो.