बेक्कीचं वजन

मार्तंड आप्पा आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा टेम्पोत एक खाट, दोन पोती भांडी, कुलूप लावलेली पत्र्याची पेटी आणि वजनकाटा एवढंच सामान होतं. मांजर मात्र टोपलीत घालून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. "टेम्पोवाल्याचा काय भरवसा? वाटंत सोडून देईल," म्हणाले. मांजरीचं नाव बेक्की.

आमच्याच मुरुमच्या बाजारात अठ्ठावीस वर्षं तोलारी केलेला माणूस. दुकानातून साखर आणली तरी घरी पुन्हा तोलणार. पहिल्या दिवशी मी शेजारीण म्हणून चहा नेला, तर आधी कपात वाकून बघितलं. मला राग आलाच. पण संशय घेण्यात मी तरी कुठं मागे होते? घरात बाईमाणूस दिसेना, म्हणून विचारलं. "मंडळी सोलापूरला हाय," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांत ना बायकोचा फोन आला, ना हे तिकडे गेले. एकदा पेटी उघडी दिसली, तर आत इरकली लुगडी. बायको सोलापूरला आणि लुगडी इथं? भांडून गेली असणार, असं मी गल्लीत दोघीतिघींना सांगूनही टाकलं.

इकडे बेक्की नव्या घरात वाटीला तोंड लावत नव्हती. आप्पा तिला रोज टोपलीसकट काट्याला टांगायचे. एक दिवस माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"घरी घासभर खात न्हाय, तरी वजन कमी होईना. तुझ्याकडं दूध किती येतं, गायत्री?"

मी शिलाई मशीन सोडून उठलेच. "म्हणजे मी तुमचं मांजर फितवते, असंच ना?"

"कुणीतरी चारतंय एवढं खरं." मग आवाज उतरला. "ती बी गेली तर घरात मला कोण हाय?"

"का? बायको हाय की सोलापूरला," मी फटकन बोलून गेले. आप्पा तसेच माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेक्की निघाली. ती माझ्या घराकडे न वळता सरळ पुढे गेली. तिच्या मागे आप्पा आणि आप्पांच्या मागे मी. माझ्या नावावरचा आळ मला तिथल्या तिथं धुऊन काढायचा होता. चार गल्ल्या ओलांडून ती आप्पांच्या जुन्या घरी पोचली. खोली अजून रिकामीच होती. उघड्या दारातून बेक्की आत शिरली, चुलीपाशी गेली, मोरीत डोकावली, कोपरे हुंगले. मग बाहेर आली. पायरीवर घरमालक शिवलिंगअण्णा ताटलीत दूध-भाकरी कुस्करत बसले होते.

"तरीच!" आप्पा ओरडले. "तूच फितवलंस व्हय रं?"

"म्या कशाला फितवू, आप्पा?" अण्णा शांतपणे म्हणाले. "रोज विमलवहिनीच्या जेवणाच्या वेळंला येती. आदी घरभर हुडकती, मग दोन घास खाती. वहिनी सोलापूरच्या दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच न्हाईत. तिथंच सगळं उरकलं. हिला कुणी सांगावं?"

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. गल्लीत पसरवलेलं ते बोलणं आता कुठल्या तोंडानं परत घेणार होते मी?

आप्पा बेक्कीला उचलून घरी आले. मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. वरचं न धुतलेलं लुगडं काढून जमिनीवर अंथरलं. बेक्कीनं ते हुंगलं, त्यावर दोन गिरक्या घेतल्या आणि अंग टाकलं. आप्पा तिच्याशेजारी बसले आणि लुगड्याचा पदर मुठीत धरला.

"नको जाऊ तिकडं हुडकायला," ते तिला म्हणाले. "विमल सोलापूरला न्हाय गं."