सुलात्रीच्या दातांमधली फट

सुलात्रीच्या समोरच्या दोन दातांमधून भाताचं शीत आरपार जाईल, एवढी फट होती. बाजारात ती कोंबड्यांचं खाद्य विकायची आणि देवळाच्या उत्सवात आमच्या आर्जाच्या, म्हणजे आमच्याकडच्या संगीत नाटकाच्या, खेळात दासी व्हायची. राजकन्या मी. बारा वर्षं मुकुट माझ्याच डोक्यावर. गळा मात्र तिचा होता. तिने पद उचललं की शेवटच्या रांगेत शेंगा सोलणारी माणसं हात थांबवायची. माझं पद सुरू झालं की शेंगा पुन्हा फुटू लागायच्या. पडद्याआड तो आवाज मला बरोबर ऐकू यायचा.

एकदा तालमीत आमचे म्होरके पा सुदर्ता सगळ्यांसमोर म्हणाले, "सुलात्री, तेवढी फट बुजव. या उत्सवाला राजकन्या तू."

"आणि म्बोक रास्ती?" तिने विचारलं. म्बोक म्हणजे ताई; मला ती थोरली बहीण मानायची.

"तिच्या गुडघ्यांनाही विश्रांती हवीच की."

मी हसले. आयुष्य रंगमंचावर काढलेल्या बाईला ते जड जात नाही.

डेनपासारला दाताच्या डॉक्टरणीकडे तिला मीच स्कूटरवरून नेलं. "तारांनी दात सरकवायचे तर दीड-दोन वर्षं," डॉक्टरीण म्हणाली.

"उत्सव दोन महिन्यांवर आलाय. आणि तारा लावलेली राजकन्या कुणी पाहिलीय?" सुलात्री म्हणाली.

"मग चिनीमातीची पातळ टरफलं चिकटवू. पण ती महाग, शिवाय त्यांच्यासाठी दात थोडा खरवडावा लागतो. नाहीतर दाताच्याच रंगाचा लेप दोन्ही कडांना चढवते. एका बैठकीत काम होईल. तुमचा दात घासायचा विधी झालाय ना?"

आमच्याकडे वयात आल्यावर वरचे सहा दात कानशीने घासतात. त्याशिवाय माणूस पुरता माणूस होत नाही. घरच्या ओढगस्तीत सुलात्रीचा विधी राहून गेला होता, आणि छत्तिसाव्या वर्षी तसं कबूल करायची तिला लाज वाटली. "झालाय की," ती म्हणाली. हल्ली नावापुरतंच घासतात, त्यामुळे डॉक्टरणीला शंका आली नाही.

तासाभरात फट नाहीशी झाली. सुलात्री आरशात हरवून गेली. डॉक्टरीण मला म्हणाली, "विधी झालाय ते बरं. या लेपावर कानस चालली तर कपचा उडेल."

ऐकलं ते मी एकटीने.

पुढच्याच महिन्यात गावाने सामुदायिक विधी ठरवला. राजकन्या व्हायच्या आधी हेही उरकावं, म्हणून सुलात्रीने नाव दिलं. पिवळ्या वस्त्रात ती आडवी झाली. तिला बहीण नव्हती, म्हणून पाय धरायला मी बसले. दात घासणाऱ्याने तिच्या दाढांमध्ये उसाचा तुकडा ठेवला. माझ्या तोंडात काहीच नव्हतं, तरी ते उघडलं नाही. मला मुकुट दिसत होता.

कानस तिसऱ्यांदा फिरली आणि बारीकसं 'टक्' झालं. ती उशाशी ठेवलेल्या पिवळ्या शहाळ्यात थुंकली. घासलेलं पाहायला तिच्या हातात आरसा दिला. लेपाचा कपचा उडून फट पुन्हा उघडी पडली होती.

त्याच संध्याकाळी पा सुदर्ता येऊन म्हणाले, "रास्ती, मुकुट तुझ्याकडेच राहू दे."

मी तो पुसत बसले होते, तेवढ्यात सुलात्री आली. दातांच्या चुऱ्याचं शहाळं पूर्वजांच्या देव्हाऱ्यामागे पुरून आली होती. नखांत माती होती. "पूर्वजही म्हणत असतील, ही पोरगी लेपासकट आली," ती हसत म्हणाली. मग म्हणाली, "म्बोक, आडवी होताना मला जरा भीती वाटली होती. मग म्हटलं, तू पायाशी आहेस. काही धोका असता तर तू बोलली असतीस."

बारा वर्षं मी लोकांना रडवलं होतं. त्या दिवशी मला एक वाक्य धड म्हणता येईना. "मला माहीत होतं," एवढंच निघालं.

तिने नखांतली माती कोरून काढली आणि म्हणाली, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?"

दुसऱ्या दिवशी लेप पुन्हा चढला. या वेळी डॉक्टरणीला खरं काय ते मी सांगितलं.

आर्जात दासी आधी येते. तीच गाऊन आपल्या राजकन्येला पडद्याबाहेर बोलावते. उत्सवात दासी मी होते. माझं पद संपलं, पडदा थरथरला आणि माझा मुकुट घालून सुलात्री बाहेर आली. हसली. मी गुडघ्यांवर बसून वर पाहत होते. हेवा वाटत होता, तो आजही गेलेला नाही. मागच्या रांगेत एकही शेंग फुटत नव्हती.