मोहनने झोपवलेला टॉवर

मोहन गेल्याची बातमी मला मोहनच्याच फोनवरून आली. सकाळचे साडेआठ झाले असतील. पडद्यावर त्याचं नाव दिसलं, म्हणून हॅलो न म्हणता मी सरळ रागावायलाच सुरुवात केली. "डबा पाठवायचा की नाही ते कालच सांगणार होतास ना? पोहे चालतात का तुझ्या डॉक्टरांना?" पलीकडून एक अनोळखी मुलगी म्हणाली, "आजी, मी दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. घरी तुमच्याजवळ कोणी आहे का?" ... त्या प्रश्नातच सगळं आलं. कढईत तेल तापलेलं होतं. मी आधी गॅस बंद केला आणि मग म्हटलं, "सांगा."

इरा, नील, हे पेपरच्या नंदुरबार पुरवणीत छापून येईल, पण लिहिते आहे तुमच्यासाठी. मोहन माझा धाकटा भाऊ, तुमच्या आईचा मामा. तुम्ही त्याला दोनदाच भेटलात, आणि दोन्ही वेळा त्याने तुमच्याकडून मोबाइल काढून घेऊन त्यात रेंज किती आहे ते पाहिलं, एवढंच तुम्हाला आठवत असेल. त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यात कोणाची चूक नाही. मी चिडलेली आहे ती वेगळ्याच गोष्टीवर, आणि तो राग महिना उलटला तरी उतरलेला नाही.

तेराव्याला घरी माणसं जमली होती. मोहनने ज्या फोन कंपनीत आयुष्य घालवलं तिथले एक अधिकारी पुण्याहून मुद्दाम आले. त्यांनी काचेच्या फ्रेममधलं मानपत्र आणलं होतं, वर मोठ्या अक्षरात 'ऊर्जाबचतीचे शिल्पकार'. त्यांनी उभं राहून सांगितलं की मोहन सरांनी घालून दिलेल्या नियमामुळे आज कितीतरी टॉवर रोज काही तास झोपतात, केवढं डिझेल वाचतं, हवेत केवढा धूर कमी जातो. जमलेली मंडळी माना डोलवत होती. जन्मभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालू नये हेही शिकवलं. त्या दिवशी मीच मध्ये बोलले. "तो नियम चुकला आहे असं त्याने तुम्हाला लेखी कळवलं होतं. एकदा नाही, सहा वेळा. ती पत्रं वाचलीत का?" ते हळूच म्हणाले, "मॅडम, आज त्याची वेळ नाही." मी म्हटलं, "वेळ त्याची संपली आहे. तुमची नाही."

आता क्रमाने सांगते. आम्ही रनाळ्याचे, घरात अहिराणी बोलणारे. मोहन इंजिनीअर झाला आणि पुण्यात नेटवर्क आखायच्या कामाला लागला. म्हणजे टॉवर कुठे उभा करायचा, किती उंच, त्याचं तोंड कोणत्या दिशेला, हे ठरवायचं. दिवाळीला आला की जमिनीवर नकाशा पसरायचा. हिरवा रंग म्हणजे आवाज पोचतो, पांढरा म्हणजे पोचत नाही. पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणायचा, "आक्का, हाई बी हिरवं करसू." पुढे त्याच्यापुढे प्रश्न आला विजेचा. टॉवरवरून कोणी बोलो न बोलो, तो वीज खातच राहतो. सातपुड्यात दुपारी वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की डिझेलच्या जनरेटरवर. मोहनचा विचार असा, की ज्या वेळी कोणी बोलतच नाही त्या वेळी लहान टॉवर झोपवावा आणि त्याचा मुलूख शेजारच्या मोठ्या टॉवरने सांभाळावा. विचार वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याचा अहवाल इंग्रजीत लिहून त्याने तपासायला माझ्याकडे पाठवला. धडगावच्या वरच्या एका टॉवरबद्दल त्यात वाक्य होतं, की दुपारी याचा कोणी वापर करत नाही. मी त्या वाक्यातला स्वल्पविराम हलवला. 'कोणी' म्हणजे कोण, हे विचारलं नाही. उलट, भाऊ किती नीट लिहितो म्हणून शेजारणीला कौतुक सांगितलं.

निवृत्त होऊन मोहन नंदुरबारला आला, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. स्वस्थ बसायचा स्वभाव नव्हता, म्हणून आठवड्यातून एकदा धडगावच्या एका वसतिगृहात गणित शिकवायला जाऊ लागला. एकदा दुपारी तिथून जीपने आणखी वर एका शिक्षकाला भेटायला निघाला होता. एका फाट्यावर वसतिगृहातल्या दोन मुली सुट्टीसाठी म्हणून उतरल्या. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. पुढे नाला आणि तासभराचा चढ. जीपवाला रायसिंग स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "आता ह्यांना टाकून जाऊ का थांबू? घंटी दिली होती. पण जाते कुठं? हल्ली दुपारी टॉवर मरतो."

मोहनने विचारलं, "फोन करून बोलला का नाहीस?"

"बोलायचं काय, सर? धडगाव सोडलं की मी एक घंटी देतो. वरची बाई फाट्यावर येते. जमणार नसेल तर ती दोन घंट्या देते. फोन कोणी उचलत नाही. घाटात मी गाडी चालवू का गप्पा मारू?" मग रायसिंगने हिशोबच सांगितला. आजारी माणूस न्यायचा असेल तर तीन घंट्या. रेशन आलं, दुकानदाराची एक घंटी. पाचसहा पाड्यांचा सगळा कारभार असा न उचललेल्या फोनांवर चालत होता, आणि तो सगळा दुपारी, कारण जीप दुपारीच वर जाते.

मोहन जीपमधून उतरला आणि मुलींबरोबर चढ चढून गेला. त्यातल्या रमिलाची आई गेंदीबाई शेतात होती. फोन पदराला बांधलेला, आणि तो वाजलेलाच नाही. मोहनला धापा टाकताना पाहून ती आधी लेकीवरच ओरडली, "एवढ्या म्हाताऱ्याला कशाला चढवलं गं?" त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "दुपारी टॉवरला काय होतं, साहेब? कोणी बंद करतं का?"

मोहन म्हणाला, "हो. मीच."

गेंदीबाई म्हणाली, "मग चालू करा."

त्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला तो चपलाही न काढता. "आक्का, मन्ही चूक शे. उचलेल फोनच मोजात मी. घंट्या मोज्याच नहीत." कंपनीचं यंत्र मोजतं ती बोलण्याची मिनिटं. फोन वाजला आणि कोणी उचलला नाही, तर त्याच्या लेखी टॉवर रिकामा. मी इतकी संतापले की प्रमाण मराठी विसरले. "तुले मायनी याद नही उनी का?" आमची आई माझ्याकडून रनाळ्याला परत निघाली की दरवेळी तेच सांगायची, "पोचनू का एक घंटी दिसू. उचलू नको." मोहनलाही ती रोज संध्याकाळी पुण्याला एक घंटी द्यायची. मी बरी आहे, एवढाच तिचा अर्थ. ती घंटी आली नाही तर हा माणूस कासावीस व्हायचा. आणि त्याच माणसाने नियम लिहिताना गृहीत धरलं, की जो बोलत नाही त्याला फोन नको आहे! पुण्यातल्या खुर्चीत बसल्यावर आईचासुद्धा विसर पडतो का? माझ्या स्वल्पविरामाची आठवण त्याने करून दिली नाही. ती मला मागाहून माझी मीच झाली.

मग पत्रं सुरू झाली. जो नियम त्याने एका दुपारी मांडला होता, तो मोडायला त्याचं सव्वा वर्ष गेलं. वरून उत्तर एकच यायचं : वापर पुरेसा नाही. नकाशावर तो भाग हिरवा आहे, मोठा टॉवर पोचतो. पोचतो तो रस्त्यावर, कारण तपासणीची गाडी रस्त्यानेच जाते. पाडा डोंगराच्या आड आहे हे नकाशाला कोण सांगणार? शेवटी कंपनीने मेहेरबानी केली. काही आठवडे टॉवर दुपारी जागा ठेवू आणि मोजू. बोलण्याची मिनिटं भरली तर पुढची तिमाही जागा. दर तिमाहीला पुन्हा मोजणी.

म्हणजे आता लोकांनी, आपण आहोत हे दाखवायला, बोलायचं! मोहन पाड्यावर जाऊन सांगून आला, बोला, काहीही बोला. बाया हसल्या. कामाशिवाय फोनवर बोलणारा माणूस तिकडे रिकामटेकडा समजला जातो. मग त्याने स्वतःच रोज दोनला गेंदीबाईला फोन लावायला सुरुवात केली. मी समोर बसून ऐकायची.

"जेवलात का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

"मग ठेवू?"

"नका ठेवू! कोंबड्या किती आहेत ते तरी सांगा."

"कालच्याएवढ्याच."

मिनिटं काही भरेनात. मोजणी चालू असतानाच तो दवाखान्यात गेला. तिथेही दोन वाजले की हात फोनकडे. शेवटच्या दुपारी मी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. "पुरे झालं. त्या टॉवरपेक्षा तुझी झोप महत्त्वाची." तो म्हणाला, "आक्का, आजना दिवस बी मोजणार शेतस ते." मी ऐकलं नाही... मी बरोबर होते असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी त्याच्या पत्त्यावर कंपनीची ईमेल आली. त्या टॉवरचा दुपारचा वापर पुरेसा आढळला, सबब ही तिमाही तो दुपारी जागा राहील. मला कळेना. मोहन दवाखान्यात आणि नंतर सरणावर, मग मिनिटं कोणी भरली? मी गेंदीबाईला फोन लावला. तिला वाटलं मला ठाऊकच असेल.

"आजी, मरण घंटीवर सांगत नाहीत. तोंडानं सांगावं लागतं. रायसिंगनं मला सांगितलं, मी वरच्या पाड्याला, त्यांनी पलीकडच्यांना. मग सगळे विचारतात ना, कसा गेला, वय किती, लेकरं किती. ज्याच्या पोरीला साहेबानं चढ चढवून आणलं त्यानं विचारू नये का? चार दिवस तेच चाललं. साहेबाची वेळ म्हणून दुपारीच बोललो."

मी फोन ठेवला. वर्षानुवर्षं ती माणसं त्या टॉवरवरून आजारी माणसं नेत होती, लेकी घरी आणत होती, आणि यंत्राने लिहिलं : वापर नाही. एक मेला, त्याच्याबद्दल चार दिवस बोलणं झालं, तेव्हा लिहिलं : वापर पुरेसा. पुढच्या तिमाहीला कोणी मरायचं, ते कंपनीने आधी कळवावं! हेच मी त्या अधिकाऱ्यांना लिहिलं आहे, मोहनच्या सहा पत्रांच्या प्रती जोडून. सातवं पत्र माझ्या सहीचं आहे आणि त्यात एकही स्वल्पविराम मी कोणाच्या सोयीसाठी हलवलेला नाही. मानपत्र त्याच पार्सलमधून परत पाठवलं. मोहनची चूक मोठी होती, मुलांनो, पण ती त्याने स्वतःच्या पायांनी चढ चढून पाहिली आणि स्वतःच्या तोंडाने कबूल केली. ज्यांनी तिला फ्रेम केली त्यांना मी सोडणार नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. तोवर मी रोज दोनला मोहनच्या खोलीत जाऊन बसते. खिडकीजवळची त्याची खुर्ची कोणी हलवलेली नाही, तिथेच रेंज चांगली मिळते. गेंदीबाईला फोन लावते. आम्ही दोघीही कामाशिवाय बोलणाऱ्या नव्हेत. "जेवल्या, आजी?" "जेवले." एवढं झालं की ती फोन चालूच ठेवून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवते आणि कामाला लागते. मला लाकूड फोडल्याचा आवाज येतो, रमिलाला मारलेली हाक येते, भांडी, कोंबड्या. कधी बराच वेळ काहीच नाही, नुसता डोंगरावरचा वारा. मी कानाशी फोन धरून बसून राहते. पुण्यातल्या त्या यंत्राला म्हणते, मोज.