तिघांत भागले

आमच्या बँडमध्ये मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवत असे. आयटी पार्कमधल्या नोकऱ्या सांभाळून आम्ही चौघे शनिवारी एका कॅफेत वाजवायचो.

पायाने बटण दाबून आवाज बदलणारे मल्टी-इफेक्ट्सचे मशीन मी बऱ्याच शोधानंतर घेतले. गिटारसाठी बनवलेल्या मशीनमधून बेस वाजवला की खालचा जाड आवाज हरवतो. या मशीनमध्ये मूळ आवाज आणि इफेक्ट वेगळे ठेवून हवे तसे मिसळता येत होते. घरी हेडफोनवर जुळवलेला आवाज ड्रमपुढे टिकत नाही, म्हणून सगळी जुळवाजुळव मी तालमीच्या खोलीतच केली.

गिटारवाला चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या एका मराठी फौजी घरातला होता. त्याला मराठी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. एकदा त्याने विचारले, "यार, इसमें मेरी गिटार लगाऊँ तो बेस निकलेगा?"

"निघेल की," मी म्हणालो आणि जुळवून दिले. गिटारचा मूळ आवाज कायम ठेवला, त्याखाली एक सप्तक उतरलेला आवाज मिसळला आणि त्यातली खरखर काढून टाकली.

नंतर मी आईच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेलो. मशीन बँडमधल्या बाकी तिघांकडेच ठेवले होते. परतल्यावर तालमीला गेलो, तर गिटारवाला म्हणाला, "बुरा मत मानना भाई, तीन में ही सेट हो गया है. मशीन कुछ दिन रहने दे."

त्या शनिवारी मी कॅफेत मागच्या टेबलावर बसून ऐकले. बेस स्वच्छ येत होता. कुठेही काही कमी नव्हते.